पहिल्या घंटेनंतर

५ डिसेंबर, दुपार

घुम्या,

दचकलास ना? अकरा वर्षं माझ्याकडून तुला नुसती प्रुफं येतात, दोरीने बांधलेली, आणि आत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. तूही बहाद्दर. प्रुफं तपासतोस, पहिल्या पानाच्या डोक्यावर "छापा" एवढं लिहितोस आणि पाकीट बंद करतोस. एकदा मी पानांमध्ये "कसा आहेस?" अशी चिठ्ठी घातली होती. ती चिठ्ठीही परत आली, प्रुफांबरोबर, नीट घडी घालून. तेव्हाच म्हटलं, जाऊ दे, याच्याशी बोलायला गेलं की आपलंच तोंड दुखतं.

आता लिहायला बसले त्याला कारण सोबतची सोळा पानं. ती उघडायच्या आधी हे वाच.

दिवाळं निघालेल्या त्या गोदामाच्या दोन खोल्यांत आपला छापखाना अजून आहे. यंत्र खिडकीशी, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, खण भिंतीला, शिवणकामाचं टेबल मधे, सगळं तू ठेवलं होतंस तिथेच. खिळे मात्र झिजलेत आणि माझे डोळेही. नोव्हेंबरात मावशी आली. मावशी म्हणजे तीच, सगळ्या गावाची मावशी, जिचा एकुलता एक मुलगा खाणीत गेला. काठी टेकत बाकावर बसली आणि म्हणाली, "शाळेतली पोरं त्या खड्ड्यात पोहायला जातात. मला विचारतात, मावशी, इथे तळं कुणी खणलं? तळं म्हणतात गं त्याला! मी मेले की सांगायला कोण उरणार? तू पुस्तक कर."

मी काय सांगणार होते, नाही? गावातल्या सुतारापासून सुइणीपर्यंत सगळ्यांची पुस्तकं केली मी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं ऐकून लिहिलं. तिला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

खाणीत सात माणसं गेली, सात घरं सांगणार, घरटी एक फर्मा, म्हणजे सोळा पानं. आपल्याकडे खिळे एका फर्म्यापुरते, हे तुला माहीतच आहे. एक जुळवायचा, छापायचा, मोडून खिळे खणात टाकायचे, मग पुढचा. एकदा छापलं की मागे फिरणं नाही. आणि तूच घातलेला नियम मी अजून पाळते. ज्याचं सांगणं त्याचं, आपण बोट लावायचं नाही, आणि छापायच्या आधी ज्याचं त्याला वाचून दाखवायचं.

तर मावशीने जे सांगितलं तेच जुळवलंय. त्यात तुझ्याविषयी आहे. नाव नाही, "घंटेवाला" म्हटलंय. रागावू नकोस. जे झालं ते झालं, आता अकरा वर्षांनी त्याचं काय. तपास आणि पाठव.

ताई


२७ जानेवारी

घुम्या,

पहिलं पाकीट केव्हाच मिळालं. मला वाटलं होतं या वेळी तरी रागाने कागद फाडून पाठवशील. फाडला असतास तर बरं वाटलं असतं.

मावशीचं पान नऊ माझ्यासमोर आहे. तिचे शब्द असे: "खाणीत सुरुंगाच्या दिवशी दोन घंटा. पहिली घंटा झाली की सगळ्यांनी वर यायचं. मग घंटेवाल्याने कडेला जाऊन खाली डोळ्यांनी बघायचं. खड्डा रिकामा दिसला की दुसरी घंटा द्यायची आणि मगच बत्ती. त्या दिवशी घंटेवाल्याने पहिली घंटा दिली आणि जागा सोडून पळाला. मुकादमाला वाटलं, हा बघून गेला. त्याने दुसरी घंटा स्वतः दिली. माझा मुलगा आणि सहा जण खालच्या टप्प्यावर होते. तिथे घंटा ऐकू जात नाही. दहाचा सुमार होता."

आणि तू काय केलंस? "दहाचा सुमार" याच्यापुढे समासात बारीक अक्षरात लिहिलंस, "१०.१०". बस्स. बाकी पानाला हातही लावला नाहीस. वर "छापा".

मावशीला ते वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "दहा वाजून दहा कुणी घातलं?" मी म्हटलं, आमचा प्रुफं तपासणारा आहे, लांब शहरात असतो. ती म्हणाली, "माणूस नेमका दिसतो. राहू दे तसंच." गावात कुणालाच माहीत नाही प्रुफं कोणाकडे जातात. मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुस्तकं करून घ्यायला कुणी उंबऱ्यावर पाय ठेवला नसता.

माझ्या मनात काय येतं सांगू? तू तेव्हा तोंड उघडायला हवं होतंस. चौकशीला सगळं गाव शाळेत जमलेलं, मुकादम सांगतोय की घंटेच्या खोपटातला फोन वाजला आणि हा धावत सुटला, चौकशीचे साहेब तुला विचारतात फोन कुणाचा होता, आणि तू म्हणतोस, "राँग नंबर." अरे, राँग नंबर आला म्हणून कुणी घंटा सोडून पळतं का? निदान पटेल असं तरी काही सांगायचंस! गाव तुझ्या अंगावर धावून आलं ते त्या उत्तरापायी. भ्याड म्हणाले, दारुडा म्हणाले. दारू तर तू औषधालाही घेतली नव्हतीस.

बघ, मी तुझ्यावरच चिडतेय. वय झालं की असं होतं.

दुसरा, तिसरा आणि चौथा फर्माही छापून झालाय. पाचवा सोबत पाठवतेय. बोटं कडक होतात थंडीने, पण चाललंय.

ताई


१९ फेब्रुवारी

घुम्या,

पुस्तकं शिवणाऱ्या सुईवालीची आणि तुझी नीट ओळख नाही. तू गेल्यावर वर्षभराने ती छापखान्यात आली. तिचा नवरा त्या सातांतला. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, कडेवर मुलगी. दारात उभी राहून म्हणाली, "मला शिवता येतं. कापड शिवते, कागदही शिवेन." तेव्हापासून दहा वर्षं टेबलाच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मी. मी पानांच्या घड्या घालते, ती शिवते. माझं डोकं दुखायला लागलं की मी सांगायच्या आधी तिला कळतं. आई गेली तेव्हा तिरडीपर्यंत सगळं तिने केलं, मला उठू दिलं नाही. सख्खी बहीण असती तर इतकं केलं असतं की नाही कोण जाणे.

तिचं सांगणं शेवटी ठेवलं होतं, तिलाच तसं हवं होतं. गेल्या आठवड्यात शिवता शिवता, मान वर न करता तिने सांगायला सुरुवात केली. नवऱ्याला भाजलेले दाणे आवडायचे, रात्री घोरायचा, मुलीला खांद्यावर घेऊन नाचायचा. मी लिहून घेत होते. मग ती म्हणाली, "हे पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. तू लिही."

त्या दिवशी ती डबा घेऊन खाणीकडे निघाली होती. वाटेत वळणावर तू समोरून धावत आलास. अनवाणी, एक चप्पल हातात. तिने विचारलं, "काय झालं?" तू ओरडलास, "आई पडली!" आणि पुढे गेलास. ती मनात म्हणाली, अरेरे, बिचारी म्हातारी. पुढच्या पाच मिनिटांत तो आवाज झाला.

"चार दिवसांनी तुमच्याकडे आले होते मी," ती म्हणाली, "तुला आठवत नसेल. तुझी आई अंगणात कपडे वाळत घालत होती. धडधाकट. मी विचारलं, काकू, तुम्ही पडला होता ना? त्या म्हणाल्या, छे गं, मी कशाला पडते. तेव्हा मला कळलं तुझा भाऊ कसला माणूस आहे. पळायला कारण हवं म्हणून जन्मदात्या आईचं नाव घेतलं त्याने. खोटारडा. सात जणांना मारलं ते एक वेळ चूक म्हणेन, पण हे? लिही, त्याने आईच्या जिवावर खोटं सांगितलं. तो तुझा भाऊ आहे म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसले. आता नाही बसवत."

मी लिहिलं. हात चालत होता म्हणून लिहिलं. तिने विचारलं, "तुला वाईट वाटलं का?" मी म्हटलं, "नाही गं, तुझं सांगणं आहे, तुझंच राहील." तिने उठून मला पाणी दिलं.

सातवा फर्मा जुळवायला चार दिवस लागले. एरवी दोन लागतात. सोबत पाठवते. पान एकशे सात नीट बघ. मी हात जोडते तुला, ते पान नीट बघ आणि काहीतरी लिही.

ताई


४ मार्च

एक अनुस्वार!

एकशे सात पानावर, जिथे एक बाई तुला आईच्या जिवावर खोटं बोलणारा म्हणते, तिथे तू एक सुटलेला अनुस्वार घातलास आणि वर "छापा" लिहिलंस. माणूस आहेस की दगड? मी पाकीट फोडलं आणि तिथेच खाली बसले. सुईवाली धावत आली, "काय गं, चक्कर आली का?" तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन होईना. काहीतरी सांगून तिला घरी पाठवलं.

आणि सातवा फर्मा मी छापलाही. तिला वाचून दाखवलं, तिने मान हलवली, छापला, मोडला, खिळे खणात टाकले. नियमाप्रमाणे.

आता ऐक. तुला माहीत असलेलंच तुला सांगतेय, पण मी ते आजवर कागदावर लिहिलेलं नाही, मनातसुद्धा सरळ उच्चारलेलं नाही.

आपलं पहिलं पुस्तक होतं ते. मास्तरांचं, झाडांवरचं. दुसऱ्या दिवशी मास्तर निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या हातात पुस्तक द्यायचं मी शंभर जणांसमोर कबूल केलं होतं. सगळे हसले होते, गावात कसला छापखाना म्हणून. तू सकाळी खाणीवर, दुपारनंतर छापखान्यात. शेवटचा फर्मा तू आदल्या रात्री जुळवून ठेवला होतास आणि मला बजावलं होतंस, "मी येईपर्यंत उचलू नकोस, अजून आवळायचाय." मला दम कुठला! चौकट एका बाजूने जराशी उचलायची, बोटाने दाबून बघायचं, एखादा खिळा हलतो का. तू मला हे इतक्यांदा दाखवलं होतंस. मी बघितलं नाही. सरळ दोन्ही हातांनी उचलली आणि सोळाच्या सोळा पानं जमिनीवर ओतली. हजारो खिळे. टेबलाखाली, यंत्राखाली, केरात. मी त्यांच्यात गुडघ्यांवर बसले आणि मला एवढंच सुचलं की तुला बोलवायचं. छापखान्याचं कारण सांगितलं असतं तर तू खाणीवरून हलला नसतास. म्हणून फोनवर म्हटलं, आई छापखान्यात पडलीय, लगेच ये.

तू दारात आलास तेव्हा आई चहाचा कप घेऊन उभी होती. तू तिच्याकडे बघितलंस, खाली खिळ्यांत बसलेल्या माझ्याकडे बघितलंस. तुझ्या हातात ती चप्पल होती. मी म्हटलं, "रागावू नकोस रे, आधी मदत कर." आणि खिडकीची तावदानं थरथरली.

चौकशीत त्यांनी आधी मला विचारलं, तुमच्याकडून फोन गेला होता का. मी म्हटलं, नाही. तू चार हातांवर बसला होतास. नंतर तुला विचारलं आणि तू म्हणालास, राँग नंबर.

आईने त्यावर मला आयुष्यात एकदाच विचारलं. तू गेलास त्या संध्याकाळी, भांडी घासताना. "मी कधी पडले गं?" मी भांडं विसळत राहिले. ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही, पण तिने त्यानंतर छापखान्यात पाऊल टाकलं नाही. मी लोकांना सांगायचे, आईला शाईचा वास सोसत नाही.

मी चार पानं जुळवली आहेत. आठवा फर्मा, अर्धासुद्धा नाही, नुसती चार पानं, पुस्तकाच्या शेवटी. मागची पानं छापून झालीत, ती आता बदलता येत नाहीत. पण ही जोडता येतील. त्यात सगळं लिहिलंय: "त्या दिवशी घंटेवाल्याला मी फोन केला. आई पडली असं खोटं सांगून बोलावलं. खाणीत पहिली घंटा झाली आहे हे मला माहीत नव्हतं. चौकशीत मी खोटं बोलले. तो खोटं बोलला नाही, त्याला खोटं सांगितलं गेलं होतं."

प्रूफ सोबत आहे. "छापा" म्हण. तू म्हटलंस की मी छापते.

तुझी बहीण


१८ मार्च

घुम्या,

पाकीट आलं. वर "छापा" नव्हतं. पानं उलटत गेले, आणि दुसऱ्या पानावर, एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ आणि समासात एक प्रश्नचिन्ह. माहितीची खात्री नसली की तू ते करतोस. मावशीच्या दहाच्या सुमारालाही केलं नव्हतंस, तिथे तुला खात्री होती.

रेघ होती "मला माहीत नव्हतं" याच्याखाली.

मी दोन दिवस छापखाना उघडला नाही. सुईवालीला सांगितलं, पोट बिघडलंय. ती पेज घेऊन आली आणि मी प्यायले तिच्या हातची. बघ माझी हिंमत.

तुला काय वाटलं होतं, मी विसरले असेन? अकरा वर्षं मी ते इतक्या खाली दडपलं होतं की कबुली देतानाही ते वर आलं नाही. देवाशप्पथ, ते वाक्य जुळवताना माझा हात अडखळला नाही. खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं. तू मात्र एक प्रश्नचिन्ह काढलंस आणि मी उघडी पडले.

हो. ऐकली होती. खिडकी खाणीच्या बाजूला आहे, वारा इकडचा असला की घंटा घरात वाजल्यासारखी ऐकू येते. मी खिळ्यांत बसले होते आणि पहिली घंटा ऐकली. दोन घंटांच्या मधे तू जागा सोडायची नसते हे या गावात शेंबड्या पोराला माहीत होतं, मला नसणार? तरी मी उठले आणि फोन फिरवला. तू म्हणालास, "ताई, घंटा दिलीय, आता येता येत नाही, पाच मिनिटं थांब." पाच मिनिटं. मला पाच मिनिटं थांबवेना. तू नाही म्हटल्याचा मला राग आला, खरं सांगते, राग आला. मी म्हटलं, "घंटा राहू दे, आई जाते आपली."

वाक्य बदललंय. नवीन प्रूफ सोबत आहे. आता तरी छापा म्हण.

ताई


२३ एप्रिल

घुम्या,

पाकीट आलं होतं. चारही पानं कोरी, म्हणजे छापलेली, पण तुझी एकही खूण नाही. प्रश्नचिन्ह नाही, "छापा" नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी पानं उजेडाला धरून बघितली, मागून बघितली, पाकीट उलटं करून झटकलं. मग दोन-तीन दिवसांनी माझ्या टाळक्यात शिरलं की तुझी परवानगी मागत होते तीच माझी लबाडी होती. तू छापा म्हणालास म्हणून छापलं, असं म्हणायची सोय हवी होती मला. मग कुणालाही न विचारता ती चार पानं छापली.

रविवारी दुपारी सातही घरांना बोलावलं. शेवटचा फर्मा सगळ्यांसमोर वाचतो आपण, तसंच सांगितलं. शाळेतून बाकं आणली. मावशी पुढे, सुईवाली तिच्या नेहमीच्या स्टुलावर, मांडीवर शिवायची पानं. माणसं खुशीत होती रे. पुस्तक पुरं होणार म्हणून. कुणीतरी घरच्या बागेतली फुलं आणून यंत्रावर ठेवली होती.

मी उभी राहून वाचलं. "पहिली घंटा मी ऐकली होती. तो म्हणाला, घंटा दिलीय, येता येत नाही. मी म्हटलं, घंटा राहू दे, आई जाते आपली." तिथून शेवटापर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला.

कुणी ओरडलं नाही. मी त्याची तयारी ठेवली होती. मावशी काठीवर हनुवटी टेकून बसली होती. म्हणाली, "ती ओळ परत वाच."

वाचली.

"हे माझ्या घरासाठी झालं," ती म्हणाली. "आता पुढच्या घरासाठी वाच."

मी पुन्हा वाचली. तिने बाकाकडे बोट केलं, पुन्हा वाचली. ती घर दाखवायची आणि मी वाचायचे. चौथ्यांदा माझा आवाज फुटला, ती म्हणाली, "पाणी पी आणि वाच." सहा झाले. मग तिने सुईवालीकडे बघितलं. सुईवाली माझ्याकडे बघत नव्हती. सुईत दोरा ओवत होती, तो जात नव्हता. शेवटी ती म्हणाली, "वाच." मी सातव्यांदा वाचली.

"माझी पानं छापून झालीत?" तिने विचारलं.

"झालीत."

"त्याला खोटारडा म्हटलेलं?"

"तेही."

"मोडून परत नाही जुळवता येणार?"

"कागद संपलाय."

मग तिने विचारलं, "तुझी प्रुफं कोण तपासतं?" तिला कसं सुचलं देव जाणे. मी सांगितलं. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मावशीच्या तोंडून "दहा वाजून दहा" एवढंच आलं. सुईवालीने सुई टेबलावर ठेवली. "माझं पान त्याने वाचलं? एकशे सात?"

"वाचलं."

"काय दुरुस्त केलं?"

मी म्हटलं, "एक अनुस्वार."

ती उठली. मला वाटलं मारेल, मारावं असंही वाटलं. तिने सगळे फर्मे गोळा केले, शंभर प्रतींचे, चादरीत बांधले आणि मुलीच्या मदतीने घरी घेऊन गेली. बाकीचे मागोमाग निघाले. यंत्रावरची फुलं ज्याने आणली होती त्याने ती परत नेली. मावशी सगळ्यात शेवटी उठली. दाराशी थांबून म्हणाली, "आमची सात माणसं तू मारलीस असं मी म्हणणार नाही. मुकादमाने घंटा दिली, मालकाने घाई केली, तेही आहेच. पण त्या पोराला आम्ही गावातून हाकललं आणि तू खिडकीतून बघत होतीस. मी पाठमोऱ्या पोराला दगड मारला होता गं. तो तू माझ्याकडून मारून घेतलास."

त्यानंतर नऊ दिवसांनी सुईवालीची मुलगी गाठोडं घेऊन आली. शंभर प्रती, एकही टाका वाकडा नाही. गाठोड्यावर तिची सुई, बोटात घालायचं अंगुस्तान आणि घडी घालायची हाडाची पट्टी, जी मीच तिला दिली होती. मुलगी म्हणाली, "आईने सांगितलंय, ती येणार नाही." मी विचारलं, "आणखी काही म्हणाली?" तर म्हणाली, "नाही." पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, पण आत आली नाही.

मग पुस्तक उघडलं. सुईवालीने माझी चार पानं शेवटी शिवलेली नाहीत. सगळ्यात आधी शिवलीत. आता हे पुस्तक जो उघडेल त्याला आधी मी भेटेन, मग तू. शंभर प्रतींत तसंच केलंय. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही, पण तुझ्यासाठी तिने तेवढं केलं.

सात घरांनी आपापल्या प्रती नेल्या. शाळेने दहा ठेवल्या. सुताराचं दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालं होतं, तो येऊन कागद परत घेऊन गेला, खाली मान घालून, "सध्या राहू द्या" म्हणाला. सुईणीनेही नेले. कुणी शिव्या दिल्या नाहीत, दगड मारले नाहीत. रस्त्यात भेटले की बाजूला होतात. मी समजून आहे. ज्यांच्या तोंडचे शब्द मी वीस वीस पानं लिहून घेतले, ते आता माझ्याशी तीन शब्द बोलत नाहीत.

आज सकाळपासून ती चार पानं मोडतेय. एकेक खिळा खणात. ती ओळ शेवटी ठेवली होती, आत्ता तीही मोडली. खण सगळे भरलेत. यंत्राला तेल दिलं, खिडकी लावून घेतली. जुळवायला आता काहीच नाही, म्हणजे प्रुफं नाहीत, हे मला खिडकी लावताना कळलं. खरं सांगते, त्याआधी डोक्यातही आलं नव्हतं. अकरा वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी तुझं अक्षर यायचं. मी ते पाकीट फोडायच्या आधी हात धुवायचे, हे तुला कशाला सांगू, पण सांगते.

तुझी प्रत सोबत आहे. गावात यायचं असेल तर ये, तुला आता कुणी काही म्हणणार नाही. मावशीने हे सांगायला सांगितलंय. मी घरी नसावं असं वाटत असेल तर तसं कळव, मी दोन दिवस कुठेतरी जाईन.

पार्सल बांधताना सवयीने परतीचं पाकीट आत घातलं. तिकीट लावून, पत्ता लिहून. काढलं, पुन्हा घातलं. राहू दे. या वेळी त्यात घालून परत पाठवायला मी तुला काहीच दिलेलं नाही.

ताई